सटवाचं उष्टं

घट्ट

मरीआईच्या दगडापुढे ठेवायचा घाटा इतका घट्ट असावा लागे की त्यात रोवलेली पळी उभीच राहावी, आणि तो जोंधळ्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट घाटा कटोऱ्यात थापून, बोटाला सोसवेल इतका निवू देऊन, त्यावर कोरड्या पिठाचा एक थर भुरभुरून, म्हणजे आईचं पांघरूण घालून, वरून मातीचा परळ झाकायचा, अशी त्या वाडीची रीत होती. पांघरूण अशासाठी की मांजरानं जीभ घातली, मुंगी चालली किंवा कुणा माणसानं बोट बुडवलं तर पिठावर खूण उठावी आणि लबाडी उघडी पडावी, आणि उन्हं कलली की ज्या घरात दुखणं आहे त्या घरच्यांसमोर परळ उचलायचा, आणि घाटा सकाळसारखाच घट्ट असला तर आईनं ढुंकूनही पाहिलं नाही असं समजून मुकाट घरी जायचं, पण पिठावर खूण नसताना घाटा सैल झालेला असला, पाणी सोडून थलथलत असला, तर आईनं तोंड लावलं असं म्हणायचं, ते आईचं उष्टं दुखणाइताला पाजायचं, आणि त्याच्या उठण्याची वाट बघायची.

वाडी मांजरसुंब्याहून केजेकडे उतरताना डाव्या हाताला, पंधरा-वीस उंबऱ्यांची. दगडाची राखण दगडाबाईकडे होती. तिच्याआधी तिच्या सासूकडे, तुळजाबाईकडे. सासूनं मरायच्या आधी सुनेला जवळ बसवलं आणि सांगितलं.

"पळी आधी तोंडात धरायची. चांगली घोळवायची. मग घाट्यात फिरवायची, तळापातूर. पांघरूण त्याच्या नंतर."

दगडाबाई बघतच राहिली. "मंग आई?"

"आई कशाला खाती बाई? आई दगड हाय. लोकाला जीव धराया कायतरी पायजे."

"आन् कुनाकुनाचं सैल करू?"

"ज्याचं तोंड बघून करावं वाटंल त्याचं." म्हातारी हसली तेव्हा तिच्या तोंडात एकच दात होता. "मला तर समद्याचंच करावं वाटायचं. म्हनून दात गेले."

म्हणजे घाटा सैल होतो तो तोंडानंच. पळी जिभेवरून गेली की उन्हं कलेपर्यंत पाणी होतं, नाही गेली तर होत नाही. ही गोष्ट वाडीत एकट्या दगडाबाईला पक्की ठाऊक होती, आणि पुढचा सगळा घोटाळा झाला तो ही गोष्ट तिला इतकी पक्की ठाऊक असल्यामुळेच.

फसली तेराशे अठ्ठावीसला, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठराला, पाऊस पडला नाही आणि मानमोडी आली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी मान टाकायचा. दगडापुढे एका दिवसाला सात-सात कटोरे येऊ लागले. दगडाबाईनं एकही घट्ट ठेवला नाही. गरम पळी घोळवून घोळवून तिची जीभ पोळली, सोलली, तिला मिरची लागेनाशी झाली. काही उठले, काही नाही उठले. ज्यांच्या नरड्याखाली घास उतरत नव्हता त्यांना हा सैल, गोडसर घाटा उतरायचा एवढं मात्र खरं, आणि उठलेल्यांच्या घरचे येऊन दगडावर कुंकू फासून जायचे.

त्याच महिन्यात विठ्ठलराव देशमुखांनी पेव उघडलं.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. तोंडाला विहिरीसारखं अरुंद, आत घरभर रुंद. वर माती लोटून दहा-दहा वर्षं बंद ठेवायचं. उघडलं की आधी दिवा सोडून बघायचा. दिवा जळत राहिला तर माणूस उतरतो.

दगडाबाईचा नवरा सटवा देशमुखांकडे सालावर होता. त्यानं दोरीला बांधून दिवा सोडला. चार हात गेला आणि विझला.

"वात भिजलीया," सटवा म्हणाला.

"पुन्यांदा सोड," विठ्ठलराव म्हणाले.

"आता काय दिवाळी करता का मालक? लोक झोळ्या घिऊन हुबे हायेत."

काठावर नबी पिंजारी होता, सटवाच्या शेजारचा. तो म्हणाला, "सटवा, घाई कावून बे? हवा खेळू दे थोडी."

"तू कापूस पिंज. हवेचं मी बघतो."

सटवा उतरला. तळाशी पाय लागल्यावर त्याचा आवाज आला. पेवातून आवाज येतो तसा, मडक्यातून आल्यासारखा.

"समद्याला मोड आलेत बे! लई गोड वास सुटलाय."

ते शेवटचं.

नबीनं आणि आणखी दोघांनी घोंगडी वरखाली करून आत वारा घातला. मग गळ टाकून त्याला ओढला. त्याच्या मिशांना, पापण्यांना, उघड्या तोंडात जोंधळ्याचे दाणे होते. दाण्यांना पांढरे मोड होते.

केजेहून एक कारकून घोड्यावर आला. उर्दूत कागद लिहिला आणि वाचून दाखवला. कागदावर मौतीचं कारण एका शब्दात होतं: हवा. बायकांनी तो शब्द ऐकला आणि पदर कानावर ओढले. कारण हवा लागणं म्हणजे भूत लागणं, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं, फक्त कारकुनाला नव्हतं.

विठ्ठलरावांनी तळातला ओलसर जोंधळा, दोन पोती, दगडाबाईच्या अंगणात टाकली. "त्याच्याच हाताखालचा हाय. नासला न्हाई. वाळीव, दळ."

तिनं वाळवला. हातानं चोळून मोड काढले. दळला. पीठ पांढरं नव्हतं, किंचित तपकिरी होतं. वास गोड होता.


सैल

तेराव्या दिवशी छबू तापली. सटवाची एकुलती एक, सात वर्षांची.

चौथ्या दिवशी ताप उतरला, पण गळा आतून सुजून बंद झाला. कण्यांचं पाणी तेवढं उतरायचं. दगडाबाईनं चार दिवस तेच पाजलं. पाणी प्यायलेली पोर पाण्यासारखीच होत चालली. हाताला धरलं की हाड आधी लागायचं. घाटा भरवला की घशात अडकायचा, डोळे पांढरे व्हायचे. आणि पोटात दाणा गेल्याशिवाय ती जगणार नव्हती.

तिच्यासाठी दगडाबाईनं घरातच कटोरा भरला. दगडापाशी नेला नाही. दगडापाशी काय होतं ते तिला माहीत होतं. थोडा थोडा निवेल तसा भरवू म्हणून घाटा बाजूला ठेवला, आणि हातांना सवय होती म्हणून, हातांनीच आपोआप वर पीठ भुरभुरलं. परळ झाकला. घागर घेऊन विहिरीला गेली. विहिरीत पाणी नव्हतं, झिरप्याला वाटीवाटीनं भरावं लागे. परत यायला उन्हं कलली.

परळ उचलला.

घाटा सैल होता.

पांघरूण भिजून आत बसलं होतं. त्यावर बोट नव्हतं, जीभ नव्हती, मुंगीची वाट नव्हती. छबूला तर मानसुद्धा उचलता येत नव्हती. दाराला बाहेरून कडी होती.

दगडाबाईनं आठवून पाहिलं. पळी आपण तोंडात घातली होती का? नव्हती. सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

तोंड लागल्याशिवाय सैल होत नाही. तिनं लावलं नव्हतं. छबूनं लावलं नव्हतं.

तिनं कोपऱ्यातल्या पोत्यांकडे पाहिलं.

कटोरा उचलला, मागच्या बाजूला नेला आणि निंबाच्या बुडाशी ओतला. कारण देवाचं उष्टं उठवतं आणि मेलेल्याचं उष्टं बोलावतं. सासूनं हेही सांगितलं होतं. मेलेल्यानं तोंड लावलेल्यातलं जो खाईल, तो त्याच्या पंगतीला जाऊन बसतो.

थोड्या वेळानं निंबाच्या बुडाशी मुंग्या आल्या. दहा-वीस नाही. जमीन हलल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तिनं पारख केली. पोत्यातला जोंधळा घेतलाच नाही. सईदाकडून, नबीच्या बायकोकडून, तिच्या घरचं पीठ मागून आणलं. त्याचा घाटा केला. पळी उभी राहिली. कटोऱ्यात थापला, निवू दिला. सईदाचं पीठ सगळं शिजवण्यात गेलं होतं, म्हणून पांघरुणाला तेवढी पोत्यातली एक मूठ घेतली. परळ झाकला. आणि या वेळी विहिरीला गेली नाही. कटोऱ्यासमोर बसली. गुडघे परळाला टेकवून.

छबू झोपेत कण्हत होती. बाहेर कोंबडी उकरत होती.

दुपारी आतून आवाज आला. बारीक. ओठ सुटल्यासारखा.

तिनं हात परळावर ठेवला. परळ अजून कोमट होता.

पुन्हा एकदा. ओठ मिटून सुटल्यासारखा.

तिनं उचलला. मधोमध खळगा पडला होता आणि खळग्यात पाणी चमकत होतं.

म्हणजे दाण्यात काही नव्हतं. दाणा कुणाचाही असो. तो येत होता आणि जेवत होता.

"धनी," ती खाली बघत म्हणाली. "पोरीचं हाय ते."

कटोरा पुन्हा निंबाच्या बुडाशी गेला.


पातळ

तिसऱ्या दिवशी सईदा आली. दारातूनच ओरडत.

"दगडे! जीती हाय का गे? माझी वाटी कवा देती?"

"घे. धुऊन ठिवलीया."

सईदा आत आली. छबूजवळ बसली. पोरीच्या मनगटाला हात लावला. मग तिची नजर चुलीजवळच्या कटोऱ्याकडे गेली. परळ बाजूला होता. त्या दिवशीचा घाटा. ओतायला नेणार होती तोच.

सईदानं बोट बुडवलं आणि चाटलं.

"थूक!" दगडाबाई किंचाळली. "थूक ते! सईदा, थूक!"

"कावून? अल्ला, गोड हाय की! गूळ कुठून आनला गे? आन् मला म्हनती घरात काय न्हाई!"

"गूळ न्हाई त्यात. थूक म्हनते ना!"

"गिळलं बी मी." सईदानं पुन्हा बोट बुडवलं.

दगडाबाईनं तिचा हात धरला आणि सांगितलं. पळीचं, सासूचं, पांघरुणाचं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं. आणि मग सटवाचं.

सईदानं ऐकून घेतलं. तिच्या बोटाला घाटा तसाच होता.

"सटवाभाऊ जीता व्हता तवा गुळाला हात लावत नव्हता," ती म्हणाली. "माझ्या घरी ईदीचा शिरखुर्मा समोर ठिवला तर ठेचा मागितला त्यानं. आन् मरून गोड खाया लागला?"

"मेल्यावर तोंड बदलत असंल."

"तोंड न्हाई बदललं. जोंधळ्याला मोड आल्ते ना? माझी नानी मोडाच्या पिठाची चिमूट टाकायची. बाळंतिनीच्या लापशीत. घट्ट लापशी पान्यावानी व्हायची. गोड. हे तेच हाय."

"कालचा घाटा तुझ्या पिठाचा व्हता. तोबी सैल झाला. त्याला कुठं मोड?"

"वर काय भुरभुरलंस?"

दगडाबाई थांबली. पोत्याकडे पाहिलं.

"खुळी कुठली," सईदा म्हणाली.

"मोडाला तोंड असतं का गं?"

"नसंल तर दान्यातलं समदं खाऊन वर येतो कशानं?"

हे सईदा हसत म्हणाली. पण म्हणून झाल्यावर दोघींपैकी कुणीच हसलं नाही. कोपऱ्यात पोती होती. पोत्यांत दाणे होते. सटवा पेवात पडला तेव्हा हेच दाणे त्याच्या तोंडात होते.

"त्याच्या तोंडातलंच हाय म्हंजे," दगडाबाई म्हणाली.

सईदानं बोट पदराला पुसलं. मग खोकली. एकदाच. पण खोकली.

"मी जाते," ती म्हणाली. "पोरीला पाज ते, दगडे. माझी नानी खोटी न्हवती."

"आन् असली तर?"

"तर मी आधी जाते. गोड लागलं मला." ती उंबऱ्यातून वळली. "वाटी राहू दे."

दगडाबाई कटोऱ्यापाशी बसली.

छबूनं कालपासून पाणीसुद्धा गिळलं नव्हतं. ओठ फुटले होते. श्वास घेताना बरगड्या मोजता येत होत्या, आणि प्रत्येक श्वासानंतर दगडाबाई पुढच्याची वाट बघत होती.

घट्ट दिलं तर अडकतं. पाणी दिलं तर पुरत नाही. समोर होतं ते घट्टही होतं आणि पाणीही. एवढंच होतं. आणि ते उष्टं होतं.

तिनं कटोरा दोन्ही हातांनी उचलला.

"धनी," ती म्हणाली. "तुमी खाल्लं. ठीक हाय. आता मी खाते."

ओठ लावले. एक घोट तोंडात घेतला. सोललेल्या जिभेला इतके दिवस काही लागत नव्हतं. हे लागलं. गोड. तिनं तो घोळवला, सासूनं शिकवला तसा, आणि परत कटोऱ्यात सोडला. पळीनं तळापर्यंत फिरवला.

"आता हे माझं उष्टं हाय. तुमचं न्हाई. पंगतीला कुनी यायचं तर मी येईन."

कोंबडी उकरायची थांबली होती.

तिनं छबूचं डोकं मांडीवर घेतलं. पळी ओठांना लावली. घाटा आत गेला. गळा हलला. थांबला.

पुन्हा हलला.

उतरला.


पाणी

दुसरी पळी उतरली.

तिसरी.

संध्याकाळी छबू म्हणाली, "आजून."

रोज एक कटोरा. रोज वर पोत्यातलं पीठ. रोज उन्हं कलली की सैल. रोज आधी दगडाबाईचं तोंड, मग छबूचं.

ती बोलावणं यायची वाट बघत राहिली. झाडताना. दळताना. झिरप्यावर वाकताना मागून हाक येईल म्हणून कान देऊन.

आठवा दिवस गेला.

पंधरावा.

सईदा खोकली, आठ दिवस निजली आणि उठली. वाटी मागायला आली.

छबू बसू लागली. मग उभी राहिली. मग चालली.

हाक आली नाही.

मानमोडी वाडीतून गेली. दगडापुढे कटोरे येईनात.

पौषात पोती संपली. तळातली शेवटची मूठ तिनं पांघरुणाला घातली. दुसऱ्या दिवशी केजेच्या बाजारातून जोंधळा आला. कोरडा. पांढरा. त्याला कसलाच वास नव्हता.

घाटा केला. पीठ भुरभुरलं. झाकला.

उन्हं कलली.

परळ उचलला.

घट्ट.

छबू शेजारी येऊन बसली. तिनं पळी रोवली. उभी राहिली.

"बा आज जेवला न्हाई?"

दगडाबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिनं पोरीला कधी सांगितलं नव्हतं. पोर पडल्या पडल्या ऐकत होती.

"उशीर झाला असंल," ती म्हणाली.

"उद्या यील?"

"यील."

उद्या तिनं पळी आधी तोंडात धरली. चांगली घोळवली. तळापातूर फिरवली. पांघरूण त्याच्या नंतर.

उन्हं कलली.

"आला," छबू म्हणाली.

"हां."

परवाही आला.

तेरवाही.

मग एक दिवस ती थकली. घाटा थापला, पीठ टाकलं, झाकला. पळी तोंडात घातली नाही. किती दिवस घालायची? पोरीला आज सांगू, असं ठरवलं. बा गेला. परत येत नाही. जेवत नाही.

खुरपायला गेली. छबू सईदाच्या अंगणात सरकी वेचत होती.

उन्हं कलताना परतली. छबू चुलीजवळ बसलेली. परळ झाकलेला.

"छबे. तुला सांगायचंय."

"आधी बघ."

उचलला.

पांघरूण तसंच होतं. बोट नाही. जीभ नाही. मुंगी नाही.

खाली पाणी.

दगडाबाईनं पोरीकडे पाहिलं. पोर कटोऱ्याकडे बघत होती. तिला म्हणावं वाटलं, जीभ दाखव.

म्हणाली नाही.

दोघी जेवल्या.

तिसऱ्याचं ठेवलं.

गोड.